मन्मथअप्पांची बोलकी भांडी

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले तरी हातात आलेलं पाणी लगेच पीत नाहीत. आधी तांब्या डोळ्यांसमोर धरतात, सावकाश फिरवतात, काठाखाली कोरलेलं नाव वाचतात आणि मगच घोट घेतात. वाचून गप्प बसले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण ते मोठ्यानं वाचतात.

"'चि. सौ. कां. शकुंतला हिस मामाकडून सप्रेम भेट.' म्हंजी हा तांब्या तुमच्या थोरल्या चुलतीचा. मंग तुमच्याकडं कावून आला?"

आता घरोघरी भांडी अशीच फिरलेली असतात. वाटण्यांमध्ये, बाळंतपणात, डब्याबरोबर कुणाचं काय कुठं जातं याचा कुणाला पत्ता नसतो आणि लागूही नये. पण अप्पा आले की पत्ता लागतो. कपिलधारला महाप्रसादाच्या पंगतीत त्यांनी एकदा ताट पालथं करून वाचायला घेतलं आणि वाढपी भाताचा झारा हातात घेऊन उभाच राहिला. मागची सगळी पंगत उपाशी, आणि अप्पा सांगताहेत, "दानी माणूस व्हता हा. ह्याच्या बापाच्या नावाची परात बी म्याच केली."

सगळ्यात मोठा प्रसंग आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर घडला. तिथं पाणी चांदीच्या पेल्यातून आलं. अप्पांनी पेला फिरवला, चष्मा वर केला, परत खाली केला. म्हणाले, "साहेब, हा तर तुमच्या इरोधकाच्या सत्कारातला पेला हाय की!" साहेब हसले. कार्यकर्ते हसले नाहीत. पुढच्या खेपेला अप्पांना तिथं काचेच्या ग्लासात पाणी मिळालं. "ह्याच्यावर काय वाचू?" असं म्हणून ते तहानलेलेच परत आले.

अप्पांचा हा हक्क मात्र कष्टाचा आहे. गेवराईच्या भांडी गल्लीत ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकत आलेत. एका जुन्या दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरायचं, भांडं मांडीवर घ्यायचं आणि विजेची ती पेन्सिलीएवढी मशीन चालू करायची. टर्रर्र आवाज सुरू झाला की स्टीलवर बारीक ठिपक्यांनी अक्षरं उमटायला लागतात. तालुक्यातल्या निम्म्या रुखवतांवर त्यांचं अक्षर आहे. दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं तर ते भांडं वास येत असल्यासारखं लांब धरतात. "हे माजलगावच्या मानसाचं काम. लई घाईत केलंय. त्याच्या घरी दूध उतू चाललं व्हतं का काय कुनास ठाऊक."

त्यांचा हात थरथरतो. बशी तोंडापर्यंत नेताना अर्धा चहा धोतरावर सांडतो. पण मशीन चालू झाली की तोच हात जागच्या जागी थांबतो. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "एका टायमाला दोगांनी हालायचं नसतंय. मशीन हालती, मंग म्या थांबतो."

त्यांचा एकच कायदा आहे. बाईला भांडं द्यायचं असेल तर तिचं स्वतःचं नाव सांगायचं. 'मिसेस अमुक' टाकून मिळत नाही. "बापानं नाव ठुलं असंल की नाही? ते सांगा." एकदा एका तालेवार गृहस्थाला सासूच्या पंच्याहत्तरीनिमित्त समई द्यायची होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण सासूचं नाव त्याला सांगता येईना. अप्पांनी मशीन बंद केली आणि त्याला पायरीवरूनच बायकोला फोन लावायला लावला. बायको पलीकडून जे बोलली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. समई मात्र सुंदर झाली.

अप्पांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती लेक लांब सोलापूरकडं दिलेली आहे. दरम्यान गल्लीही बदलली. लग्नात आता चकचकीत खोक्यातले डिनर सेट देतात, आणि खोकं कुणी उघडत नाही, ते तसंच पुढच्या लग्नाला जातं. त्यावर नाव टाकून कोण आपलं नुकसान करून घेईल? अप्पा तरीही रोज पायरीवर येऊन बसत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "नाव हाय का?" लोक हात हलवून पुढं जात होते.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. माझं नाव दत्ता. वडिलांपासून आमचा मंडपाचा आणि स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्यांचा धंदा आहे. भांडी आम्ही भाड्यानं देतो. एकाच मुहूर्तावर चार गावांत चार लग्नं असली की आमच्या डेगी, कढया, पराती चारही दिशांना जातात आणि परत येताना एकमेकींत मिसळतात. कुठं झाकण येतं आणि डेग येत नाही. कुठं डेग येते ती आमची नसतेच. भांड्यावर आमचं नाव आहे, अप्पांनीच टाकलेलं. पण नाव एवढंच सांगतं की भांडं कुणाचं. ते कुठल्या गावाला गेलं, त्यात किती माणसांचा भात शिजतो, त्याचं झाकण कोणतं, हे नाव सांगत नाही.

धंद्याचं डोकं म्हणजे माझी बायको सविता. तिनं ठरवलं की चाळीस मोठ्या भांड्यांना एकेक खूण द्यायची, म्हणजे मोबाइलवर भांड्याची सगळी कुंडली दिसेल. प्रश्न एवढाच होता की खूण कसली. एक एनएफसीचा टॅग, म्हणजे बटणाएवढी चकती. तिला मोबाइल टेकवला की माहिती उघडते. दुसरा क्यूआर कोड, म्हणजे आपल्याकडं ज्याला सगळे स्कॅनर म्हणतात ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची चौकोनी जाळी. सविता चकतीच्या बाजूची होती. "कोड तर चहाच्या गाड्यावर पण असतो. आपल्या भांड्यावर काहीतरी वेगळं पाहिजे," असं तिचं म्हणणं. मला कोड बरा वाटत होता, कारण तो स्वस्त आणि सगळ्यांच्या ओळखीचा. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना मी तोंड उघडलं की सविता म्हणायची, "मोबाइल टेकवायला काय जड जातं माणसाला?"

वाद अप्पांच्या कानावर गेलाच. मी गल्लीतून जाताना त्यांनी हाक मारून दोन्ही प्रकार समजून घेतले. मग म्हणाले, "म्हंजी एक कानात सांगतंय, आन् एक चौकात वरडतंय. आरं, लग्नाच्या गोंधळात कानात सांगितलेलं कुनाला ऐकू येतंय?"

मी हसलो. खरं तर तिथंच निकाल लागला होता, पण आम्हाला तो लावून घ्यायला दोन महिने लागले.

चकत्या आल्या. आम्ही अंगणात पाच डेगींना चिकटवल्या. सवितानं मोबाइल टेकवला. काही नाही. जोरात टेकवला, उलटा टेकवला, मग चटणी वाटावी तसा डेगीवर फिरवला. डेग मुकी. शेवटी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, धातूवर लावलेत का? साधे टॅग धातूवर चालत नाहीत." सविता म्हणाली, "अहो, आमच्या धंद्यात धातू सोडून आहे काय?"

मग धातूवर चालणाऱ्या मागवल्या, खाली काळं अस्तर असलेल्या. त्या चालल्या. अख्खी गल्ली बघायला आली आणि सवितानं माझ्याकडं असं पाहिलं की मी आपणहून चहा टाकायला गेलो. पण पहिल्याच लग्नात डेग चुलवणावर चढली, जाळ वरपर्यंत आला आणि चकती सुटून राखेत पडली ती वाळक्या करंजीसारखी होऊन. शिवाय आचाऱ्याच्या मोबाइलला ती सोय नव्हती, भांडी घासणाऱ्या रुक्मिणबाईच्या नव्हती. नवरीच्या बापाच्या महागड्या मोबाइलला होती, पण ती कुठून चालू करायची हे त्याला माहीत नव्हतं.

आता पाळी माझी. मी मोठ्या तोऱ्यात कोड छापून घेतले, पाण्यानं न भिजणारे, चिवट. वीस भांड्यांना चिकटवून लग्नाला पाठवले. इथं रुक्मिणबाईची ओळख करून द्यायला हवी. ती आमच्याकडं भांडी घासणाऱ्या बायकांची मुकादम. राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसली की ती भांड्याचा पहिला थर काढल्याशिवाय उठत नाही. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस भांडी आरशासारखी चकचकीत परत आली.

"दादा," ती घाम पुसत म्हणाली, "कुनी तरी समद्या भांड्याला कागुद चिटकवला व्हता. लई चिवट! दोन तास गेले, पर म्या एकबी ठुला न्हाई."

तिला शाबासकी द्यावी लागली. सविता आत जाऊन हसली.

हंगामाला महिना राहिला होता. पुण्याचा एक कारखाना लेझरनं भांड्यावर कोड कोरून देतो असं समजलं. कोरलेलं असल्यामुळं ना जळायची भीती, ना रुक्मिणबाईची. चाळीस भांडी टेम्पोत घालून पाठवायची, पंधरा-वीस दिवसांत परत. मी टेम्पो सांगून ठेवला.

त्याच दिवशी दुपारी अप्पा घरी आले. खांद्याला पिशवी, पिशवीत मशीन. सवितानं तांब्या पुढं केला. अप्पांनी तो घेतला आणि न वाचता घटाघटा प्यायले. सविता आणि मी एकमेकांकडं बघायला लागलो. इतक्या वर्षांत असं झालेलं नव्हतं.

"तुमी मला इचारलं न्हाई," ते म्हणाले.

"अप्पा, ही अक्षरं नाहीत," मी समजावू लागलो. "आडवी एकवीस घरं, उभी एकवीस घरं. काही भरायची, काही सोडायची. प्रत्येक भांड्याची जाळी वेगळी. हाताचं काम नाही ते."

"लेझर म्हंजी काय, मशीनच ना? मंग ही काय हाय?" त्यांनी पिशवी समोर ठेवली. मग हळू म्हणाले, "दत्ता, पुण्याला धाडायची तर धाड. म्या आडवा पडनार न्हाई. पर मंग ही मशीन तुज्याकडंच ठिव. दोन सालात म्या अकरा भांडी केलीत. गावातली भांडी गावाभाईर नाव टाकायला चालली, आन् म्या पायरीवर बसून बघत ऱ्हावं, हे मला जमनार न्हाई."

 सविता उठली, कपाटातून कागद काढला. एक कोड तिनं ताटाएवढा मोठा छापून ठेवला होता. तो अप्पांच्या हातात देऊन म्हणाली, "सात नंबरची डेग घेऊन जा. आठ दिवसांत करून दाखवा. तोवर टेम्पो थांबेल."

अप्पांनी कागद लांब धरून बघितला. "ह्यात अक्षरं किती?"

"एकही नाही."

"आमचा भाव अक्षरावर असतोय," ते म्हणाले. "म्हंजी फुकट धरा." आणि डेग डोक्यावर घेऊन निघाले. त्या वयात.

तिसऱ्या दिवशीच निरोप आला की भांडं बघायला या. आम्ही दोघं गेलो. खरं सांगतो, मी तसं काम आजवर बघितलेलं नव्हतं. कर्कटकानं आखलेल्या रेघा, त्यात एकसारखी, घट्ट, ठिपक्यांनी भरलेली घरं. बाजूच्या दुकानातली माणसं उठून आली होती. सवितानं मोबाइल धरला. काही होईना. मागं सरकली, पुढं सरकली. काही होईना. मग मी कागद आणि डेग शेजारी धरून घर न् घर ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. कोडाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. चौथा कोपरा तसा नसतो. अप्पांच्या डेगीवर चारही कोपऱ्यांत चौकोन होते.

"अप्पा, हा इथं कुठून आला?"

"व्हय, ते सांगायचंच ऱ्हायलं," अप्पा खुशीत म्हणाले. "तुमचा छापनारा चौथा कोपरा इसरला व्हता. म्या भरून काढला. चांगल्या कामात कोपरा उघडा ठिवत न्हाईत."

सविता हसत हसत पायरीवरच बसली. अप्पांचा चेहरा पडला तशी ती थांबली आणि त्यांना समजावून सांगितलं, की त्या मोकळ्या कोपऱ्यावरूनच मोबाइलला कळतं, वरची बाजू कोणती आणि खालची कोणती. अप्पांनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ज्यानं हे काढलं तो हुशार मानूस हाय. म्या त्याचं काम बिघडवलं."

कोरलेलं पुसता येत नाही. त्यांनी डेग फिरवली आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरुवात केली.

या वेळी घर न् घर बरोबर होतं. मी स्वतः दोनदा तपासलं. तरी मोबाइल वाचेना. स्टील चकचकीत, कोरीव भागही पांढुरका. कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच चमकत होते. अप्पांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली. त्या वायरीकडं बघवेना. मी म्हणालो, "असू द्या अप्पा, ही डेग उद्या बारशाला जायचीये, आल्यावर बघू." ते फक्त मान हलवून उठले. 

बारसं झालं. संध्याकाळी रुक्मिणबाई डेग घेऊन आली ती अपराधी चेहऱ्यानं.

"दादा, अप्पाच्या नक्षीत काजळी शिरली. म्या लई घासलं, पर निघंना. वरचं समदं लख्ख झालं, खालचं काळंच ऱ्हायलं. माझ्या हातून पयल्यांदा असं झालं बगा."

सवितानं डेग उजेडात घेतली. चकचकीत स्टीलवर काळीभोर जाळी उमटली होती, कागदावर छापल्यासारखी. तिनं मोबाइल समोर धरला.  टुंग असा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं आली: डेग क्रमांक सात. दीडशे माणसांचा भात.

आम्ही तिघं तसेच भांडी गल्लीत गेलो, डेग घेऊन. अप्पा पायरीवर नव्हते, घरी होते. त्यांना बोलावून आणलं. सवितानं त्यांच्या समोर मोबाइल धरला. टुंग. अप्पा म्हणाले, "परत." परत टुंग. "रुक्मिणबाईच्या मोबाइलवर हुतंय का?" तिच्या स्वस्तातल्या मोबाइलवरही झालं. मग गल्लीतला जो तो आपापला मोबाइल घेऊन आला आणि सगळ्यांचे मोबाइल एकच सांगू लागले, दीडशे माणसांचा भात. मला अप्पांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. आमच्या गेवराईच्या पायरीवर, थरथरत्या हाताच्या माणसानं, कागदावर बघून, लेझरचं काम हातानं केलं होतं. वर ते असं, की जितकं चुलीवर जाईल आणि जितकं घासलं जाईल तितकं जास्त ठळक वाचता येईल. रुक्मिणबाई तर सांगत सुटली की हे काम अप्पांचं आणि तिचं मिळून आहे. ते खरंच होतं.

मी टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं.

पुढचे वीस-बावीस दिवस अप्पांना मान वर करायला फुरसत नव्हती. पायरीसमोर माणसं उभी राहून बघायची. कॉलेजचे एक मास्तर फोटो काढून घेऊन गेले. अप्पा मशीन न थांबवता सगळ्यांना एकच सांगायचे, "साऱ्या जिंदगीत पयल्यांदा असं लिवतोय जे मला सोताला वाचता येत न्हाई." एवढं बोलून असे हसायचे, की बघणाऱ्यालाही हसू यायचं.

भांडी संपत आली तेव्हा सविता मोबाइलवर दिसणारी माहिती भरत होती. शेवटी एक ओळ होती, 'हे भांडं मागं राहिलेलं आढळल्यास या नंबरवर कळवा.' नंबर अर्थातच माझा. पण अप्पा म्हणाले, "पोरी, माझा टाक."

"अप्पा, लोक उगाच तुम्हाला त्रास देतील," मी म्हणालो.

"लग्नाच्या दिशी तू फोन उचलतोस का? धा डाव लावावा लागतोय. म्या रिकामाच हाव."

मला वाटलं, म्हाताऱ्याला कामाचा अभिमान वाटतोय, आपलं काही तरी भांड्यावर असावं असं वाटणारच. मी त्यांना चिडवलंही, "आता तुम्हीच मालक." सवितानं त्यांचा मोबाइल मागून घेतला, नंबर बघितला आणि तोच टाकला.

हंगाम सुरू झाला. तेलगावच्या एका लग्नात कढई मागं राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा स्वतः येऊन सांगून गेले. "कढई तेलगावात हाय. कौसल्याबाईच्या वट्यावर. तिची धाकटी लेक जालन्याला दिली. बाई लई रडली. भात जरा कच्चा ऱ्हायला व्हता म्हनं, पर जिलबी चांगली झाली. नवरदेवाच्या मावशीनं जरा नाक मुरडलं, पर ते चालायचंच." मला फक्त कढई पाहिजे होती. पण ठीक आहे, कढई मिळाली.

मग हे दर लग्नाला होऊ लागलं. भांडं सापडायचं, पण लगेच यायचं नाही. एक परात पाच दिवस एका वस्तीवर पडून राहिली. मी तिथं गेलो तर यजमान म्हणाले, "आमी पयल्याच दिशी कळवलं की. तुमचे अप्पा म्हनले, ऱ्हाऊ द्या, घाई न्हाई, उद्या परत फोन करून सांगा कुटं ठिवली ते. रोज बोलतोय आमी त्येंच्याशी. लई चांगला मानूस."

माझं डोकं फिरलं. पुढच्या मुहूर्ताला परात हवी होती. मी परात टेम्पोत टाकली आणि भर दुपारी थेट अप्पांच्या घरी गेलो, दोन शब्द सुनावायचेच असं ठरवून.

दार उघडंच होतं. अप्पा बाजेवर बसले होते, मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरून. मी उंबऱ्याशी थांबलो.

"शरणार्थ... हां, अप्पाच बोलतोय. जेवल्या का?... न्हाई, म्या एकटाच हाव. सकाळी खिचडी टाकली व्हती, ती हायच... व्हय, सहा वर्सं झाली... तुमच्या लेकीचं बाळंतपन कधी हाय म्हनलात?... असं का! मंग सुंठ आन् खारीक आत्ताच घेऊन ठिवा... न्हाई न्हाई, डेगीची घाई न्हाई. डेग ऱ्हाऊ द्या. तिच्या काठाखाली हात फिरवून बघा बरं. लागतंय का हाताला?... हां. ते म्या कोरलंय."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि मला बघितलं. चोरी पकडल्यासारखे गडबडले. "कामाचाच फोन व्हता," ते म्हणाले.

"हो अप्पा," मी म्हणालो. परातीविषयी बोललो नाही. खिचडी थोडी मला पण द्या म्हणालो. आम्ही दोघं जेवलो. एवढ्या वेळात मोबाइल पुन्हा वाजला नाही, आणि अप्पांचं लक्ष मात्र दर घासाला त्याच्याकडं जात होतं.

घरी येऊन सविताला सांगितलं. तिला काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "नंबर टाकायला त्यांचा मोबाइल घेतला होता ना मी. आलेल्या फोनची यादी समोरच उघडी होती. आठ-आठ दिवस कुणाचा फोन नव्हता. जे दोन-चार होते ते कंपनीचे, गाणी विकणारे." मग भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणून तर मी तुमचा नंबर टाकला नाही."

त्यानंतर मी अप्पांना एकदाही टोकलं नाही. नव्या पाच डेगी जास्तीच्या घेतल्या, म्हणजे कोणतंही भांडं चार दिवस कुठं राहिलं तरी काम अडणार नाही. त्यांच्यावरही अप्पांनीच कोड कोरले.

आता लग्न उरकून टेम्पो भरत आला की मी एक भगोणं उतरवून घेतो आणि यजमानांच्या ओट्यावर नीट ठेवतो, कोरलेली बाजू बाहेर करून. टेम्पो निघाला की मागून कुणी ना कुणी ओरडतंच, "शेठ, तुमचं एक ऱ्हायलं!"

मी खिडकीतून हात बाहेर काढून सांगतो, "राहू द्या. त्याच्यावर नंबर आहे. तेवढा फोन करा."